गिनीपिग आणि कोबीचे पान

हौसेने आणलेला गिनीपिग मुलांची हौस फिटली की गॅलरीतल्या पिंजऱ्यात जाऊन पडतो. कधी एखाद्या प्रयोगशाळेतील काम संपल्यावर उरलेली जोडी कोणीतरी दयेपोटी घरी नेतो. अशा प्राण्याला कोणी उपाशी ठेवत नाही. रोज मूठभर धान्य आणि वाटीभर पाणी मिळत असते. तरीही काही आठवड्यांत त्याचे वजन घटू लागते, केस विस्कटतात, सांधे सुजतात. तो एका कोपऱ्यात अंग आक्रसून बसतो आणि उचलून घेतले की वेदनेने ओरडतो. हिरड्यांतून रक्त येऊ लागते. 'खायला तर भरपूर देतो, मग याला झाले तरी काय?' असा प्रश्न घरच्यांना पडतो.

पशुवैद्यकाच्या आजच्या पुस्तकात याचे उत्तर एका ओळीत सापडेल : हा स्कर्व्ही असण्याचा संभव आहे, जीवनसत्त्व 'क' सुरू करा. पण ही एक ओळ लिहिता येण्यासाठी विज्ञानाला १८९५ ते १९३२ असा जवळजवळ चार दशकांचा काळ लागला. या काळात युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांनी हाच आजार असंख्य गिनीपिगांना मुद्दाम जडवला आणि मग तो बरा करण्याची धडपड केली. आज दुर्लक्षामुळे जो आहार गिनीपिगच्या वाट्याला येतो, तो त्या प्रयोगांतील आहाराशी तंतोतंत जुळतो. म्हणून अशा प्राण्याची शुश्रूषा कशी करावी हे समजून घ्यायचे, तर त्या प्रयोगांचा इतिहास पाहायला हवा. तो आपल्याही एका जुन्या आजाराचा इतिहास आहे.

स्वयंपाकघरातला प्राणी

गिनीपिगचा आफ्रिकेतील गिनीशी संबंध नाही आणि डुकराशीही नाही. हा दक्षिण अमेरिकेतील कृंतक, म्हणजे उंदीर-घुशींप्रमाणे कुरतडणारा प्राणी. अँडीज पर्वतातील लोकांनी तो काही हजार वर्षांपूर्वी मांसासाठी माणसाळवला. तेथे त्याला त्याच्या आवाजावरून 'कुई' म्हणतात. पेरूमधील खेड्यांत आजही कुईंचा कळप स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोकळा वावरताना दिसतो. गवत, मक्याची पाने, भाज्यांची देठे आणि साली हे त्यांचे खाणे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांमागोमाग हा प्राणी युरोपात पोचला आणि श्रीमंत घरांतून पाळीव प्राणी म्हणून मिरवू लागला.

लहान, शांत, न चावणारा आणि भराभर पिले देणारा हा प्राणी शास्त्रज्ञांच्या हाती लागणे क्रमप्राप्तच होते. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, या कल्पनेला या प्रयोगाने आधार दिला. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सिद्ध केला तोही गिनीपिगांना क्षय जडवूनच. आपल्याकडे प्लेग कमिशनने १९०५ पासून मुंबईत केलेल्या प्रयोगांतही गिनीपिग होते. प्लेगच्या उंदरांवरील पिसवा असलेल्या जागेत जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील गिनीपिगांना प्लेग झाला, दोन फुटांवर टांगलेल्यांना झाला नाही. पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही! हवेतून प्लेग पसरतो, या समजुतीला या साध्या निरीक्षणाने धक्का दिला.

या सर्व प्रयोगांत गिनीपिग हे केवळ साधन होते. त्या प्राण्याला जगायला स्वतःला काय लागते, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

कोणी न उचललेली नोंद

तो प्रश्न प्रथम डोकावला १८९५ च्या सुमारास अमेरिकेत. थिओबाल्ड स्मिथ हे पशुरोगांचे नामवंत अभ्यासक डुकरांच्या साथीच्या रोगावर काम करीत होते. प्रयोगासाठी ठेवलेल्या गिनीपिगांना हिरवे गवत किंवा कोबी न देता नुसते ओट आणि कोंडा दिला, तर ते काही आठवड्यांत मरतात आणि शरीरात जागोजागी रक्तस्राव झालेला आढळतो, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी ते अहवालात नोंदवलेही. पण त्यांचा शोध जंतूंचा होता, त्यामुळे त्यांनी हा धागा पुढे नेला नाही. खलाशांच्या स्कर्व्हीशी या रक्तस्रावाचे काही नाते असेल, हे त्या वेळी कोणाच्याही मनात आले नाही.

खरे तर स्कर्व्हीचा इलाज फार जुना होता. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नाविक डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. १७९५ पासून ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस देण्यास सुरुवात झाली. इलाज माहीत होता, पण त्यामागचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. कारण ठाऊक नसले की इलाजही कसा हातचा निसटतो ते पुढे दिसेलच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतुशास्त्राचा एवढा दबदबा होता, की डबाबंद मांसातील विषामुळे स्कर्व्ही होतो असे पुष्कळ विद्वान मानू लागले होते.

क्रिस्तियानियातील योगायोग

आजच्या ऑस्लो शहराचे तेव्हाचे नाव क्रिस्तियानिया. तेथील प्राध्यापक अ‍ॅक्सेल होल्स्ट नॉर्वेच्या जहाजांवरील बेरीबेरीसारख्या एका आजाराचा अभ्यास करीत होते. सडीचा तांदूळ सोडून पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ खाऊ घातलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो, हे डच शास्त्रज्ञ आइकमन यांनी जावा बेटावर दाखवले होते. होल्स्ट यांना हाच प्रयोग एखाद्या सस्तन प्राण्यावर करून पाहायचा होता. त्यांनी गिनीपिग निवडले आणि त्यांना ओट, राय, गहू, जव अशी नुसती धान्ये किंवा पाव खाऊ घातला.

अपेक्षा बेरीबेरीची होती. उद्भवले वेगळेच. प्राण्यांच्या हिरड्या सुजल्या, दाढा हलू लागल्या, सांध्यांजवळ रक्त साकळले, हाडे ठिसूळ झाली. होल्स्ट यांचे सहकारी थिओडोर फ्रोलिक हे बालरोगतज्ज्ञ होते. लहान बाळांचा स्कर्व्ही त्यांना चांगला परिचयाचा होता. समोरचा आजार तोच आहे हे त्यांनी ओळखले. १९०७ साली दोघांनी आपले काम प्रसिद्ध केले. स्कर्व्ही हा रोग प्रथमच प्रयोगशाळेत हुकमी घडवून आणता आला आणि ताज्या कोबीने तो टाळताही आला.

यात योगायोगाचा भाग केवढा मोठा होता पाहा. होल्स्ट यांनी उंदीर, कुत्रे किंवा कबुतरे घेतली असती तर त्यांना स्कर्व्ही कधीच दिसला नसता. या प्राण्यांना तो होतच नाही. का होत नाही, ते कळायला आणखी अर्धे शतक जायचे होते.

शंका आणि मोजमाप

नवे मत सहजासहजी मान्य झाले नाही. पहिला आक्षेप असा, की हे प्राणी नुसते उपासमारीने मेले असतील. होल्स्ट आणि फ्रोलिक यांच्याकडे याला उत्तर होते. केवळ कोबीवर ठेवलेले गिनीपिगही रोडावत, पण त्यांच्यात स्कर्व्हीची खूण दिसत नसे. दुसरा आक्षेप १९१७ साली अमेरिकेतील आहारतज्ज्ञ मॅकॉलम यांचा. कोरड्या अन्नाने गिनीपिगला बद्धकोष्ठ होतो आणि त्यातून हा आजार येतो, असे ते म्हणत. त्यांच्या प्रयोगशाळेतील मुख्य प्राणी होता उंदीर आणि त्याला तर कोबीवाचून काही होत नव्हते! नामांकित शास्त्रज्ञाची दिशाही प्राण्याच्या निवडीमुळे कशी चुकते, याचे हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

पहिल्या महायुद्धात या प्रश्नाला एकाएकी निकड आली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी कोणत्या पदार्थात स्कर्व्ही रोखण्याची शक्ती किती, हे गिनीपिगांच्या साहाय्याने मोजायला घेतले. पद्धत सोपी पण वेळखाऊ होती. सर्व प्राण्यांना स्कर्व्ही आणणारा आहार द्यायचा आणि प्रत्येक गटाला एका पदार्थाची ठरावीक मात्रा द्यायची. कोण वाचतो आणि कोण आजारी पडतो, ते काही आठवडे पाहत राहायचे.

या मोजमापातून एक जुने कोडे सुटले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश नौदलाने भूमध्य प्रदेशातील मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान लिंबांचा रस घ्यायला सुरुवात केली होती. हे लहान लिंबू म्हणजे आपल्या कागदी लिंबाचे भावंड. त्यानंतर १८७५-७६ च्या आर्क्टिक मोहिमेत रस पिऊनही खलाशांना स्कर्व्ही झाला आणि लिंबावरचा लोकांचा विश्वासच उडाला. गिनीपिगांनी खुलासा केला. लहान लिंबाच्या ताज्या रसाची शक्ती मोठ्या लिंबाच्या सुमारे एक चतुर्थांश होती आणि साठवलेल्या रसात तर जवळजवळ काहीच उरत नव्हते.

कूतचा वेढा आणि मोडाची कडधान्ये

युद्धातील निकड किती होती, हे कळायला मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील कूत येथे जावे लागेल. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तुर्की सैन्याने तेथे भारतीय फौजेची सहावी, 'पूना' डिव्हिजन वेढून धरली होती. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले तसे एकाच वेढ्यात दोन निराळे आजार दिसू लागले. पांढऱ्या मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांत बेरीबेरी झाला. भारतीय सैनिक आटा खात असल्यामुळे बेरीबेरीपासून वाचले, पण ताजी भाजी नाही आणि बहुतेकांनी घोड्याचे मांस नाकारलेले, त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही बळावला. घोड्याच्या ताज्या मांसात थोडे का होईना, जीवनसत्त्व 'क' असते.

भाजी नसलेल्या मुलखात सैन्याला काय द्यावे? याचे उत्तरही गिनीपिगनेच दिले होते. नॉर्वेचे फ्यूर्स्ट यांनी १९१२ मध्ये दाखवले होते, की कोरड्या कडधान्याने गिनीपिगचा स्कर्व्ही थांबत नाही, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की थांबतो. चिक यांच्या गटाने याला दुजोरा दिला आणि कोरडी कडधान्ये सोबत नेऊन जागेवर मोड आणावेत, अशी शिफारस केली. मटकी-मुगाची उसळ पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या आपल्या आजी-पणजींना हे ऐकून नवल वाटले नसते. मात्र मोड आल्याने नेमके काय बदलते, हे त्यांना किंवा १९१२ च्या शास्त्रज्ञांनाही सांगता आले नसते.

मिरचीतले आम्ल

१९२० साली या अज्ञात द्रव्याला जीवनसत्त्व 'क' हे नाव मिळाले. द्रव्य कोणी पाहिले नव्हते, पण मोजता येत होते. १९२२ पासून वापरात आलेले 'शर्मन एकक' म्हणजे ३०० ग्रॅम वजनाच्या गिनीपिगला ९० दिवस स्कर्व्हीपासून वाचवणारी रोजची किमान मात्रा. अंतर मोजायला मीटर, तसा जीवनसत्त्व मोजायला गिनीपिग!

१९२८ साली हंगेरीचे अल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी केंब्रिजमध्ये अधिवृक्क ग्रंथीतून आणि कोबी-संत्र्यांतून शर्करेसारखे एक पांढरे द्रव्य वेगळे केले. ते नेमके काय आहे हे माहीत नसल्याने त्यांनी त्याला गमतीने 'मला ठाऊक नाही' अशा अर्थाचे नाव सुचवले. संपादकांनी ते नाकारले तेव्हा 'देव जाणे' अशा अर्थाचे दुसरे सुचवले. अखेर नाव पडले हेक्झ्युरॉनिक आम्ल. १९३१ मध्ये स्विर्बेली हा तरुण अमेरिकेतून सेगेड येथे त्यांच्याकडे आला. गिनीपिगवर जीवनसत्त्व 'क'ची चाचणी कशी करतात हे तो पिट्सबर्गच्या किंग यांच्याकडे शिकून आला होता. रोज १ मिलिग्रॅम हेक्झ्युरॉनिक आम्ल मिळालेले गिनीपिग निरोगी राहिले, न मिळालेले स्कर्व्हीने मेले. १९३२ च्या एप्रिल महिन्यात किंग व वॉ यांनी अमेरिकेतून आणि सेंट-जॉर्जी व स्विर्बेली यांनी हंगेरीतून, दोन आठवड्यांच्या अंतराने, हे आम्लच जीवनसत्त्व 'क' असल्याचे जाहीर केले. श्रेय कोणाचे यावर वाद झाला तो झालाच.

पुढे सेगेडच्या प्रसिद्ध लाल मिरचीत हे द्रव्य विपुल असल्याचे आढळले आणि ग्रॅमच्या जागी ते किलोच्या मापात मिळू लागले. १९३३ मध्ये हॉवर्थ यांनी त्याची रचना उलगडली, राइखस्टाइन यांनी ते कृत्रिम रीतीने बनवले. १९३७ चे नोबेल पारितोषिक सेंट-जॉर्जी यांना वैद्यकासाठी आणि हॉवर्थ यांना रसायनशास्त्रासाठी मिळाले. आता स्कर्व्हीची गोळी कोणालाही परवडू लागली, गिनीपिगलासुद्धा.

हरवलेले विकर

मग उंदराला स्कर्व्ही का होत नाही? कारण तो जीवनसत्त्व 'क' स्वतःच्या यकृतात ग्लुकोजपासून तयार करतो. बहुतेक सस्तन प्राणी तसेच करतात. या साखळीतील शेवटची पायरी पार पाडणारे विकर माणसाजवळ, माकडांजवळ आणि गिनीपिगजवळ नाही, हे १९५० च्या दशकात स्पष्ट झाले. कोणत्या प्राण्यांत ही क्षमता आहे आणि कोणत्यांत ती लोपली, याचा विस्तृत अभ्यास कोलकात्याच्या आय. बी. चॅटर्जी यांनी केला. त्यांचा १९७३ मधील लेख आजही उद्धृत केला जातो. १९९० च्या दशकात या विकराचे मोडलेले जनुक गिनीपिगमध्ये आणि माणसात प्रत्यक्ष वाचले गेले. ते दोघांत वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या ठिकाणी मोडले आहे. माणसाच्या पूर्वजांत सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, गिनीपिगच्या पूर्वजांत त्यानंतर बऱ्याच काळाने.

फळे आणि पाने खाणाऱ्यांना ही उणीव जाणवली नाही, म्हणून ती टिकून राहिली. अँडीजमधील कुईला रोज हिरवा पाला मिळत होता. माणूस लांबच्या सागरी प्रवासाला निघाला आणि गिनीपिग पिंजऱ्यात धान्यावर आला, तेव्हा दोघांची उणीव उघडी पडली. शरीरातील कोलॅजेन हे बांधणीचे प्रथिन जीवनसत्त्व 'क'वाचून नीट विणले जात नाही. त्यामुळे रक्तवाहिन्या, हिरड्या, सांधे हे सारे दुबळे होतात.

शुश्रूषा

आता गॅलरीतल्या त्या गिनीपिगकडे वळू. असा प्राणी कोणी दत्तक घेतला तर काय करावे, यातील जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे काही ना काही इतिहास आहे.

प्रथम वजन करावे आणि पशुवैद्यांना दाखवावे. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असते. रोज त्याच वेळी केलेले वजन ही सुधारणेची सर्वांत भरवशाची खूण. होल्स्ट यांच्यापासून सर्वांनी हीच नोंद ठेवली. निरोगी प्राण्याला किलोमागे रोज सुमारे १० मिलिग्रॅम जीवनसत्त्व 'क' लागते. माणसाला किलोमागे एक-दीड मिलिग्रॅम पुरते, हे पाहता ही गरज मोठी आहे. आजारी प्राण्याला याच्या काही पट मात्रा पशुवैद्य ठरवून देतात. ती तोंडाने द्यावी. पाण्याच्या बाटलीत टाकलेले जीवनसत्त्व हवा आणि उजेडाने लवकर नष्ट होते, जहाजावरील साठवलेल्या रसाचे झाले तसेच. तयार गोळीखाद्यातील जीवनसत्त्वही साठवणीत घटत जाते. अनेक जीवनसत्त्वे एकत्र असलेले औषध देऊ नये. त्यातील 'अ' आणि 'ड' जास्त झाल्यास अपाय होतो.

एरवी ढोबळी मिरची उत्तम. तिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८० ते १३० मिलिग्रॅम जीवनसत्त्व 'क' असते, म्हणजे १०-१५ ग्रॅमची फोड एका दिवसाला पुरते. कोथिंबीर आणि कोबीची पानेही थोडी थोडी द्यावीत. मात्र अनेक दिवस कोरड्या धान्यावर राहिलेल्या प्राण्याला पहिल्याच दिवशी भरपूर पाला देऊ नये, पोट बिघडते. कांदा-लसूण आणि बटाट्याचा पाला टाळावा. वाळलेले गवत मात्र दिवसभर समोर असावे. गिनीपिगचे सर्व, म्हणजे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. धान्यावर ठेवलेल्या प्राण्याचे दात वाढून त्याला खाणेच अशक्य होते. दिवसभर काही न खाणे या प्राण्यात धोक्याचे असते, तेव्हा वाट पाहू नये.

दुसरी खबरदारी औषधांची. घरातले प्रतिजैविक गिनीपिगला कधीही देऊ नये. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनची निर्णायक चाचणी आठ उंदरांवर झाली आणि ती यशस्वी ठरली. १९४३ मध्ये दिसून आले, की पेनिसिलिन गिनीपिगला मारक ठरते, कारण त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरून घातक जंतू माजतात. त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर? स्कर्व्हीच्या बाबतीत गिनीपिगच हवा होता, पेनिसिलिनच्या बाबतीत नेमका तो नको होता.

राहिली जागा आणि सोबत. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात पाय सोलवटतात, म्हणून तळ सपाट आणि कोरडा असावा. लपायला एक खोके द्यावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर त्याला घरात, थंड जागीच ठेवावे. पारा तिशीपलीकडे गेला की त्याला उष्माघात होऊ शकतो. नव्या प्राण्याला दोन-तीन आठवडे इतरांपासून वेगळे ठेवावे आणि त्याला हाताळल्यावर मुलांनी हात धुवावेत, कारण त्याच्या अंगावरील गजकर्ण माणसालाही होतो. त्यानंतर मात्र त्याला जोडीदार मिळावा, आणि नर-मादी एकत्र असल्यास पिलांची जबाबदारी आधी ठरवावी. स्वयंपाकघरातला कुई कळपात राहत असे. स्वित्झर्लंडने २००८ पासून गिनीपिग एकटा पाळण्यास कायद्यानेच मनाई केली आहे.

काळजी वेळेवर घेतली तर स्कर्व्ही झालेला गिनीपिग आठवडाभरात चालू लागतो. दातांचे किंवा हाडांचे नुकसान मात्र कधी कधी कायमचे राहते.

वर्गासाठी

पूर्वी जे गिनीपिगच्या ९० दिवसांत कळत असे, त्याची ढोबळ कल्पना आज परीक्षानळीत तासाभरात येते. भाताच्या पेजेत भरपूर पाणी घालून जखमेवर लावायच्या आयोडीनचे काही थेंब टाका. निळा रंग येईल. मुगाचे पन्नास दाणे नुसते भिजवा, पन्नास दाण्यांना मोड आणा आणि आणखी पन्नास मोड आणून उकडा. प्रत्येक गट सारख्याच पाण्यात वाटून गाळून घ्या. निळा रंग जाण्यासाठी प्रत्येक रसाचे किती थेंब लागतात ते विद्यार्थ्यांनी मोजावे. आयोडीनचा रंग घालवणारी इतरही द्रव्ये असतात, म्हणून ही चाचणी पुरेशी अचूक नाही, हेही त्यांना सांगावे. मग विचारावे : रंग घालवणारे द्रव्य आणि स्कर्व्ही रोखणारे द्रव्य एकच आहे, हे १९३२ साली कसे सिद्ध करता आले असते? चर्चा आपोआप स्विर्बेलीच्या पिंजऱ्यापर्यंत पोचेल. त्या पिंजऱ्यातील दोन गटांपैकी एकाला ते द्रव्य जाणूनबुजून दिले नव्हते, हेही मुलांच्या ध्यानात येईल.